हेलिकॉप्टर वैमानिकाची सेवा कशी लिहून काढावी

१९७१च्या डिसेंबरमध्ये मेघना नदीपलीकडे एमआय-४ हेलिकॉप्टरांतून सैनिक उतरवणारे तरुण अधिकारी आज पंच्याहत्तरीच्या पुढे गेले आहेत, आणि १९८४च्या एप्रिलमध्ये सियाचीनवर पहिल्या तुकड्या पोहोचवणाऱ्यांनाही निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली आहेत. त्यांच्यापैकी कोणी आपल्या घरात, नात्यात किंवा ओळखीत असेल, तर त्यांची सेवा लिहून काढण्याचे काम पुढे ढकलू नये. हे काम कसे करावे, हे मी माझ्या काकांची सेवा लिहून काढताना शिकलो. काका हवाई दलात आधी चीता आणि नंतर एमआय-१७ ही हेलिकॉप्टरे उडवत असत. त्या कामात ज्या चुका माझ्याकडून झाल्या त्या दुसऱ्या कोणाकडून होऊ नयेत, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे मी थेट पराक्रमाबद्दल विचारले. "काका, तुमच्या नोकरीतला सर्वांत थरारक प्रसंग सांगा," असे मी म्हणालो, आणि त्यावर काका म्हणाले, "तसं काही नव्हतं रे, ड्यूटी होती." पुढचे तीन दिवस मी हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत राहिलो आणि तेच उत्तर ऐकत राहिलो. काका विनयाने टाळत आहेत, असा माझा समज झाला होता, पण ते खरेच सांगत होते. हेलिकॉप्टर वैमानिकाची सेवा एखाद्या मोठ्या प्रसंगात मावत नाही. ती पाऊण तासाच्या, तासाभराच्या हजारो फेऱ्यांमध्ये विखुरलेली असते, आणि त्यांतल्या बहुतेक फेऱ्यांचा विषय रॉकेल, टपाल, औषधे, जखमी जवान, दारूगोळा किंवा रजेवरून परतणारा एखादा सुभेदार हाच असतो. म्हणून त्या सेवेकडे जाण्याची वाट प्रसंगातून न शोधता वजनातून शोधावी, म्हणजे त्या दिवशी काय नेले, किती नेले आणि परत येताना कोणाला आणले, इथून सुरुवात करावी.

दल आणि यंत्र

बोलायला बसण्यापूर्वी थोडी तयारी करावी लागते, कारण "लष्करी हेलिकॉप्टर वैमानिक" या शब्दांखाली तीन वेगवेगळ्या सेवा येतात आणि तिन्हींमधले आयुष्य सारखे नसते.

हवाई दलाकडे १९५४ साली पहिली सिकोर्स्की एस-५५ हेलिकॉप्टरे आली आणि त्यांतून १०४ हेलिकॉप्टर युनिट उभे राहिले. त्यानंतर एमआय-४, मग एमआय-८, एमआय-१७ आणि अजस्र एमआय-२६ अशी रशियन यंत्रांची रांग लागली. हलक्या कामांसाठी चेतक आणि चीता होती. चेतक म्हणजे मूळ फ्रेंच अलुएट आणि चीता म्हणजे मूळ फ्रेंच लामा, आणि दोन्ही बेंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने परवान्यावर बांधली. पुढे देशातच आखलेले ध्रुव आले. हवाई दलाचा हेलिकॉप्टर वैमानिक बहुधा हैदराबादजवळच्या हकीमपेठ येथे घडलेला असतो.

भूदलाची गोष्ट निराळी आहे. आर्मी एव्हिएशन कोअर हे स्वतंत्र अंग १ नोव्हेंबर १९८६ रोजी अस्तित्वात आले. त्याआधीचा भूदलाचा वैमानिक हा तोफखान्याचा अधिकारी असे आणि 'एअर ओपी'मध्ये, म्हणजे हवेतून शत्रूचे ठिकाण पाहून तोफांचा मारा दुरुस्त करण्याच्या कामावर असे. अशा अधिकाऱ्याशी बोलताना तोफा विसरून केवळ उड्डाणाबद्दल विचारले, तर त्याच्या आयुष्याचा अर्धा भाग बाहेरच राहतो. महाराष्ट्राशी या शाखेचे नाते जवळचे आहे, कारण तोफखान्याचे शिक्षण देवळालीचे आणि २००३पासून भूदलाच्या वैमानिकांची स्वतंत्र प्रशिक्षण शाळाही नाशिकचीच.

नौदलाचा वैमानिक हालत्या जमिनीवर उतरतो. कोचीच्या आयएनएस गरुड किंवा मुंबईत कुलाब्याच्या टोकाला असलेल्या आयएनएस शिक्रा या किनाऱ्यावरच्या तळांवरून निघालेले सी किंग, कामोव्ह किंवा चेतक हेलिकॉप्टर जहाजावर उतरते तेव्हा त्याचा डेक वरखाली होत असतो. त्यामुळे नौदलाच्या वैमानिकाला हवामानाइतकेच समुद्राच्या स्थितीबद्दल विचारावे.

वैमानिक म्हणजे पुरुषच, असेही गृहीत धरू नये. हवाई दलाने १९९४ साली स्त्रियांना वैमानिक म्हणून घेतले, आणि त्या काळात अल्पमुदतीच्या कमिशनवर आलेल्या हेलिकॉप्टर वैमानिक आता निवृत्त आहेत. १९९९च्या कारगिल संघर्षात स्त्री वैमानिकांनी चीता उडवली आहेत.

लॉगबुक

हे सगळे वाचून झाले, की ज्या वस्तूवर संपूर्ण काम उभे राहते ती वस्तू मागावी: फ्लाइंग लॉगबुक. प्रत्येक वैमानिक ते जपतो. ते बहुधा कपाटाच्या वरच्या कप्प्यात, पदकांच्या डबीशेजारी असते. त्यात तारीख, यंत्राचा प्रकार आणि क्रमांक, पहिला वैमानिक, दुसरा वैमानिक, कामाचे स्वरूप आणि वेळ, असे रकाने असतात. दिवसाची आणि रात्रीची वेळ वेगळी लिहिलेली असते, अनेक लॉगबुकांत रात्रीची नोंद लाल शाईने केलेली असते, आणि महिन्याच्या शेवटी बेरीज करून फ्लाइट कमांडर व कमांडिंग ऑफिसर यांच्या सह्या घेतलेल्या असतात. म्हणजे हा आठवणीतून लिहिलेला मजकूर नसून त्या त्या दिवशी केलेली आणि वरिष्ठांनी तपासलेली नोंद आहे. लिहिणाऱ्याला यापेक्षा पक्का आधार दुसरा मिळत नाही.

लॉगबुक एकदम पहिल्या पानापासून वाचू नये. आधी महिन्याच्या बेरजांवरून नजर फिरवावी. ज्या महिन्यात तास अचानक वाढलेले दिसतात, तिथे काहीतरी घडलेले असते. १९८७चा ऑक्टोबर असेल तर श्रीलंकेतले जाफना, १९९९चा मे-जून असेल तर कारगिल, २००१चा जानेवारी-फेब्रुवारी असेल तर भूज, २००४चे डिसेंबर अखेरचे दिवस असतील तर सुनामीनंतरचे कार निकोबार, २०१३चा जून असेल तर केदारनाथ. १९९३च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातल्या नोंदी तर मराठी माणसाने अवश्य पाहाव्यात, कारण लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतला भूकंप ३० सप्टेंबरच्या पहाटेचा आहे. याच्या उलट जिथे महिनेच्या महिने शून्य दिसतात, तिथेही थांबून विचारावे. ते आजारपण असेल, अभ्यासक्रम असेल, मुख्यालयातील खुर्ची असेल किंवा अपघातानंतरची चौकशी असेल.

कामाच्या रकान्यातले शब्द तुटक असतात. 'एअर मेंटेनन्स' म्हणजे ठाण्यांना रसद पोहोचवणे, 'कॅझेव्हॅक' म्हणजे जखमी किंवा आजारी जवानाला खाली आणणे, 'अंडरस्लंग' म्हणजे पोटाखाली दोराने लटकवून नेलेला भार, 'फेरी' म्हणजे यंत्र एका तळावरून दुसऱ्या तळावर नेऊन पोहोचवणे. एका ओळीत अनेक खेपा गुंडाळलेल्या असू शकतात, म्हणून प्रत्येक ओळीला "या वेळात किती वेळा उतरलात?" हा प्रश्न जोडावा. दीड तासाच्या एका ओळीत पाच-सहा हेलिपॅड निघाले, तर ती ओळ एकदम जिवंत होते.

आता माझ्या अनुभवातली गोष्ट. जानेवारी महिन्याच्या एका पानावर एक ओळ होती: चीता, काकांचे नाव, सहवैमानिकाचे आडनाव, 'कॅझेव्हॅक', एक तास दहा मिनिटे. मी ती फक्त वाचून दाखवली आणि गप्प बसलो. काका त्या पानाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी उजवा हात उचलून स्वतःच्या डाव्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाले, "तो मुलगा माझ्या मागे बसला होता. पाय बर्फाने काळे पडले होते त्याचे. खाली येईपर्यंत त्यानं माझा खांदा धरून ठेवला होता, आणि मी त्याला हात काढ म्हणालो नाही." नाव त्यांना आठवत नव्हते. गावही नाही. पुढे त्याचे काय झाले हेही त्यांना कधी कळले नव्हते. तीन दिवस थरारक प्रसंग मागून जे मिळाले नव्हते ते एक ओळ वाचून मिळाले, आणि तेव्हापासून मी प्रश्न विचारण्याऐवजी ओळी वाचू लागलो. प्रत्येकाने हीच पद्धत धरावी, असे मी आग्रहाने सांगेन: तारीख वाचावी, यंत्र वाचावे, काम वाचावे आणि मग निदान अर्धा मिनिट काहीही बोलू नये.

हवा, उंची आणि हातपाय

हेलिकॉप्टर वैमानिकाचे कौशल्य समजून घ्यायचे असेल, तर थोडे शास्त्र स्वतः शिकून जावे. उंचीवर हवा विरळ होते, त्यामुळे पात्यांना मिळणारी उचल कमी होते आणि इंजिनाची ताकदही घटते. उन्हाने हवा तापली तरी हाच परिणाम होतो. म्हणून पर्वतातले उड्डाण पहाटे उरकायचे असते, इंधन मोजून मापून घ्यायचे असते आणि प्रत्येक किलोचा हिशेब ठेवायचा असतो. सियाचीनच्या सर्वांत वरच्या ठाण्यांवर चीतासारखे हलके यंत्र एका खेपेत जेमतेम एखाददुसरा जेरीकॅन नेऊ शकते. त्या उंचीवर इंजिन बंद केले तर पुन्हा सुरू होईलच, याची खात्री नसते, म्हणून पाती फिरत असतानाच सामान उतरवले जाते. ताजा भुसभुशीत बर्फ असेल, तर पात्यांच्या वाऱ्याने तो उडून चहूबाजूंनी पांढरे होते आणि जमीन कुठे, आकाश कुठे, तेच कळत नाही. अशा वेळी खाली ठेवलेले एखादे रंगीत पिंप किंवा झेंडा एवढाच नजरेला आधार असतो.

हे माहीत असले, की प्रश्न आपोआप नेमके होतात. "भीती वाटली का?" या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, "त्या हेलिपॅडवर उतरायला चुकले असते, तर परत फिरायला जागा कुठल्या बाजूला होती?" या प्रश्नाला वैमानिक कागद मागून नकाशा काढून दाखवतो. "किती इंधन ठेवले होते?", "वारा कुठून होता?", "खाली किती सेकंद थांबलात?" हे सगळे चांगले प्रश्न आहेत. सियाचीनच्या वैमानिकाला त्याची नेमणूक २००३च्या नोव्हेंबरमधील शस्त्रसंधीच्या आधीची की नंतरची, हे आवर्जून विचारावे. त्याआधी हेलिपॅडवर तोफगोळे पडण्याची शक्यता असे, त्यामुळे तिथे थांबण्याच्या प्रत्येक सेकंदाला वेगळा अर्थ होता.

एक गोष्ट तर लेखणीने न टिपता कॅमेऱ्यानेच टिपावी. वैमानिकाला साध्या खुर्चीवर बसवावे आणि "एका जागी तरंगत ठेवणे म्हणजे काय, ते हातापायांनी दाखवा," अशी विनंती करावी. डावा हात मांडीशेजारच्या कलेक्टिव्हवर, म्हणजे यंत्र वरखाली नेणाऱ्या दांड्यावर, जातो आणि वरखाली होतो. उजवा हात गुडघ्यांमधल्या सायक्लिकवर, म्हणजे यंत्र पुढे-मागे आणि बाजूंना कलवणाऱ्या दांड्यावर, येऊन अगदी केसभर हलत राहतो. दोन्ही पाय पेडलवर असतात आणि एक पुढे गेला की दुसरा मागे येतो. काकांना ही विनंती केली तेव्हा निवृत्तीला कित्येक वर्षे झाली होती, तरीही डावा हात वर येताच उजवा पाय आपोआप पुढे सरकला. त्याचे कारणही यंत्रात आहे. चेतक, चीता आणि एमआय-१७ यांची मुख्य पाती वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, त्यामुळे ताकद वाढवली की नाक डावीकडे वळू पाहते आणि ते उजव्या पायाने आवरावे लागते. सी किंगची पाती उलट दिशेने फिरतात आणि तिथे डावा पाय लागतो. चेतकवर शिकून सी किंगवर गेलेल्या नौदलाच्या वैमानिकाला, पायांना ही नवी सवय लावायला किती दिवस लागले, हे जरूर विचारावे.

नोंदींची पडताळणी

लॉगबुक पक्के असले तरी आठवण सरकते, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. काका ज्या बचाव मोहिमेबद्दल "निवृत्तीच्या आदल्या वर्षी" असे सांगत होते, ती लॉगबुकात आणखी दोन वर्षे आधीची निघाली. अशा वेळी त्यांना खोटे पाडल्यासारखे न करता पान समोर ठेवावे आणि दुरुस्ती त्यांच्याकडूनच होऊ द्यावी. वैमानिकांना वर्षे आठवत नाहीत असे माझे निरीक्षण आहे. त्यांना यंत्र, तळ आणि त्या वेळचा कमांडिंग ऑफिसर आठवतो. म्हणून नेमणुकांचा एक साधा तक्ता करून घ्यावा, ज्यात युनिट, ठिकाण, यंत्र, हुद्दा आणि तेव्हाचे वरिष्ठ एवढेच लिहावे, आणि प्रत्येक आठवण त्या तक्त्यावर बसवून पाहावी.

मोठ्या मोहिमांच्या बाबतीत सार्वजनिक नोंदी उपलब्ध आहेत आणि त्यांच्याशी ताळमेळ बसतो का, हे पाहणे आवश्यक आहे. मेघनेवरचा हवाई पूल ९ डिसेंबर १९७१ रोजी सुरू झाला, त्यामागे लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांचा निर्णय आणि ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांची आखणी होती, आणि काम एमआय-४ हेलिकॉप्टरांनी केले. त्यामुळे कोणी मेघनेचे सांगत असेल, तर त्या आठवड्यातल्या त्याच्या नोंदी एमआय-४च्या आहेत का, हे पाहता येते. कारगिलमध्ये २८ मे १९९९ रोजी एक एमआय-१७ क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि त्यातील चौघेही हुतात्मा झाले. त्यानंतर एमआय-१७ला हल्ल्याच्या कामावरून काढून घेण्यात आले. ही तारीख माहीत असली, की त्या मोसमातल्या नोंदींचा सूर एकदम का बदलतो, ते कळते.

पदकांकडेही पुरावा म्हणून पाहावे. भारतीय पदकांच्या कडेवर धारण करणाऱ्याचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. छातीवरच्या रांगेत सियाचीन ग्लेशियर पदक आहे की उच्च तुंगता पदक आहे, नऊ, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेची पदके किती आहेत, यावरून सेवेचा नकाशाच मिळतो. शौर्यपदक असेल तर त्याची अधिसूचना भारताच्या राजपत्रात, भाग १ खंड १ मध्ये, राष्ट्रपती सचिवालयाच्या नावे प्रसिद्ध झालेली असते. तो मूळ मजकूर शोधून जोडावा. १९९२च्या ऑक्टोबरमध्ये हिमाचलच्या परवाणूजवळ टिंबर ट्रेलच्या रोपवेमध्ये अडकलेल्या पर्यटकांना एमआय-१७ने सोडवले, तेव्हा त्या हेलिकॉप्टरचे सारथ्य करणारे ग्रुप कॅप्टन फली होमी मेजर यांना शौर्य चक्र मिळाले, आणि पाळण्यावर दोराने उतरलेले मेजर इव्हान जोसेफ क्रॅस्टो यांना कीर्ती चक्र. यांतले फली मेजर (मेजर हे त्यांचे आडनाव) पुढे २००७ साली हवाई दलप्रमुख झाले. हेलिकॉप्टर शाखेतून त्या पदावर पोहोचलेले ते पहिलेच. लढाऊ विमानांच्या तुलनेत या शाखेकडे समाजाने किती उशिरा पाहिले, हे त्यावरून ध्यानात येते.

संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धे आणि मोहिमांच्या नोंदींबाबत धोरण जाहीर केले असून, त्यानुसार नोंदी साधारणपणे पंचवीस वर्षांत खुल्या व्हाव्यात असे अपेक्षित आहे. वैमानिकाला स्वतःच्या सेवेचे तपशील माहितीच्या अधिकाराखालीही मागता येतात. अर्ज त्यांच्याच नावाने आणि सहीने जावा.

काय छापू नये

अधिकृत गुपिते कायदा १९२३ सालचा आहे आणि तो निवृत्तीनंतरही लागू राहतो. जुन्या मोहिमांचा जो भाग सार्वजनिक आहे, तो निःसंकोच लिहावा. मात्र आज वापरात असलेली हेलिपॅड, त्यांची नेमकी ठिकाणे, येण्याजाण्याचे मार्ग, यंत्रांवरील उपकरणे आणि तळांच्या आतली छायाचित्रे बाहेर ठेवावीत. कुठे शंका आली, तर त्या क्षणी वैमानिकालाच विचारावे. सीमा कुठे आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळते. "हे नको," असे त्यांनी म्हटले, की ध्वनिमुद्रण तिथेच थांबवावे आणि आधी मुद्रित झालेला तो भाग त्यांच्यासमोर पुसावा. असे एकदा केले, की पुढचे बोलणे मोकळे होते.

अपघातांबद्दल अधिक जपावे लागते. दीर्घ सेवा झालेल्या बहुतेक वैमानिकांनी आपल्या बरोबरीचे कोणीतरी गमावलेले असते. चौकशी समितीचे अहवाल सार्वजनिक नसतात, म्हणून कोणाची चूक होती, यावर लिहू नये, आणि मृताचे नाव त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय छापू नये. अशा ओळीपाशी आलात आणि समोरचा माणूस गप्प झाला, तर लॉगबुक मिटावे. पुढचे पान दुसऱ्या दिवशी उघडता येते. एकदा काका एका नावापाशी थांबले आणि उठून बाहेर गेले. त्यांच्या माघारी काकूंनी मला हळूच सांगितले, "त्या दिवशी यांना जायचं होतं, ऐन वेळी अदलाबदल झाली." ते मी लिहिले नाही. काकांनी स्वतः सहा महिन्यांनी सांगितले तेव्हा लिहिले, त्यांच्याच शब्दांत.

इतर माणसे

काकूंचे नाव निघालेच आहे, म्हणून हेही सांगतो की वैमानिकाच्या पत्नीशी किंवा पतीशी स्वतंत्रपणे बोलावे. दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवायचे, मुलांच्या शाळा बदलायच्या, दुर्गम नेमणुकीच्या काळात एकटीने सगळे सांभाळायचे, ही लॉगबुकात नसलेली बाजू तिथेच मिळते. तसेच मोठ्या हेलिकॉप्टरात फ्लाइट इंजिनिअर असतो, बचाव मोहिमेत विंच, म्हणजे माणसांना दोराने वर ओढून घेणारे यंत्र, चालवणारा असतो, आणि पहाटे चार वाजता गोठलेल्या यंत्राला हात घालणारे तंत्रज्ञ असतात. शक्य असेल तर त्यांच्यापैकी एकाची तरी गाठ घ्यावी. काकांच्या जुन्या फ्लाइट इंजिनिअरने मला तासाभरात जे सांगितले, ते काकांनी महिनाभरात सांगितले नव्हते.

निवृत्तीनंतरचे उड्डाणही सेवेला जोडूनच येते. अनेकांनी नागरी परवान्याच्या परीक्षा देऊन दुसरी खेळी सुरू केली. १९८५ साली स्थापन झालेल्या पवनहंससारख्या कंपन्यांतून मुंबई हायच्या तेलविहिरींवर माणसे पोहोचवली, यात्रेच्या मोसमात हिमालयात फेऱ्या केल्या. त्याचे लॉगबुक वेगळे असते, तेही मागावे.

कागद आणि आवाज

वर्षानुवर्षे इंजिनाच्या आवाजात बसल्याने हेलिकॉप्टर वैमानिकांना ऐकू कमी येणे आणि कंपनांमुळे पाठ दुखणे सर्रास आढळते. म्हणून ज्या कानाने नीट ऐकू येते त्या बाजूला बसावे, पंखा बंद करावा, पाठीला आधार असलेली खुर्ची द्यावी आणि एका बैठकीत तासाभरापेक्षा अधिक वेळ घेऊ नये. मायक्रोफोन त्यांच्या छातीजवळ असावा. ध्वनिमुद्रण कॉम्प्रेस न केलेल्या स्वरूपात, म्हणजे डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये ठेवावे आणि फाइलच्या नावात तारीख घालावी.

लॉगबुकाला लॅमिनेशन करू नये, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये आणि शिवण उसवून पाने सुटी करू नयेत. निदान तीनशे डीपीआयवर स्कॅन करावे, अथवा सावलीतल्या उजेडात वरून सरळ छायाचित्र घ्यावे. कोरी पाने आणि मुखपृष्ठ यांचेही घ्यावे. छायाचित्रांच्या मागे लिहिलेले असते, ती बाजू विसरू नये. चित्रात कोण कोण आहे, हे आजच डावीकडून उजवीकडे विचारून वेगळ्या कागदावर लिहावे, छायाचित्रावर नव्हे. सगळ्याच्या तीन प्रती असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या घरात असावी.

लिहायला बसल्यावर

जन्मापासून सुरुवात करण्याचा मोह होतो. त्याऐवजी एकेका यंत्राचे किंवा एकेका नेमणुकीचे प्रकरण करावे, कारण सांगणाऱ्याच्या मनातही तीच मांडणी असते. त्यांची भाषा त्यांचीच राहू द्यावी. 'सॉर्टी'चे 'उड्डाणफेरी' आणि 'कलेक्टिव्ह खेचला'चे 'सामूहिक नियंत्रक ओढला' केले, तर माणूस कागदावरून नाहीसा होतो. कठीण शब्द पहिल्यांदा आला, की एका वाक्यात समजावून द्यावा आणि पुढे तोच वापरावा.

मसुदा पूर्ण झाल्यावर तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा, आणि पेन्सिल त्यांच्या हातात द्यावी. मी काकांच्या एका खेपेबद्दल लिहिले होते, "अत्यंत प्रतिकूल हवामानात त्यांनी धाडसी उड्डाण करून ठाण्याला मदत पोहोचवली." काकांनी ते वाक्य पूर्ण ऐकले, कागद जवळ ओढला, 'अत्यंत', 'धाडसी' आणि 'मदत' या तीन शब्दांवर काट मारली आणि समासात आपल्या बारीक अक्षरात लिहिले: "एक जेरीकॅन रॉकेल, टपालाची थैली. परत येताना एक आजारी." मग लॉगबुक उघडून वेळ पाहिली आणि खाली जोडली: पन्नास मिनिटे. ते पान मी तसेच, त्यांच्या अक्षरासह, छापले आहे.